झेपेलिनची यादी गिटारवरून करू नका

संपादक महोदय,

जुन्या रॉक बँडच्या 'सर्वोत्तम दहा गाण्यां'च्या याद्या वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत अधूनमधून येत असतात. लेड झेपेलिनची पाळी आली की पहिल्या क्रमांकावर 'स्टेअरवे टू हेवन', पाठोपाठ 'होल लॉटा लव्ह' आणि मग ज्या गाण्यात जिमी पेजचा गिटारचा तुकडा लांब ते वर, असा क्रम ठरलेला असतो. त्या गाण्यांत काही खोट नाही, फूटपट्टी मात्र चुकीची आहे. 1968 साली लंडनमध्ये तडाखेबंद गिटार वाजवणारे आणखी चार-पाच जण सापडले असते. जॉन बॉनमसारखा ड्रमर आणि त्याच्या लयीवर वाकडी चाल अचूक बसवणारा बेसवादक जॉन पॉल जोन्स एकाच बँडमध्ये असणे, ही गोष्ट दुसरीकडे नव्हती. म्हणून या पत्रातली निवड एकाच कसोटीवर केली आहे: गिटार आणि ड्रम एकमेकांपासून कुठे सुटतात आणि पुन्हा समेवर कसे येतात. मात्रा आणि सम हे शब्द मराठी श्रोत्याला समजावून सांगावे लागत नाहीत, त्यामुळे ही कसोटी आपल्याला तशी सोयीचीच आहे.

सुरुवात अर्थातच 'काश्मीर'पासून. 1975 सालच्या 'फिजिकल ग्राफिटी' या दुहेरी अल्बममधले हे साधारण साडेआठ मिनिटांचे गाणे. नावावर जाऊ नये. बँडचा गायक रॉबर्ट प्लांटला त्याचे शब्द सुचले ते 1973 मध्ये दक्षिण मोरोक्कोतल्या वाळवंटी, सरळसोट रस्त्यावरून गाडीने जाताना, आणि तोवर त्याने काश्मीर पाहिलेलेही नव्हते. गाण्याचा सगळा जीव हिशेबात आहे. बॉनम चार मात्रांचा साधा, जड ठेका धरतो आणि तो सोडत नाही. त्याच्यावर गिटार आणि तंतुवाद्ये तीन मात्रांची ओळ वाजवतात, आणि प्रत्येक फेऱ्याला तिच्यातला एक स्वर अर्ध्या पायरीने वर सरकतो. ओळीचे चार फेरे म्हणजे बारा मात्रा, ठेक्याची तीन आवर्तने म्हणजेही बारा. दोघांची सम जुळते ती तिथे.

हे कानाने पकडता येते. उजव्या हाताने गुडघ्यावर ड्रमबरोबर एक-दोन-तीन-चार मोजत राहा आणि गिटारचा नवा फेरा सुरू झाला की डाव्या हाताचे एक बोट मिटा. पहिले बोट मिटताना गुडघ्यावर 'एक' असतो, दुसरे मिटताना 'चार', तिसऱ्याला 'तीन', चौथ्याला 'दोन'. त्यानंतर पुन्हा 'एक' सापडला तर हिशेब बरोबर. नाही सापडला तर बहुधा गुडघ्यावरचा हात नकळत गिटारच्या मागे गेलेला असतो. हे गाणे वाजवणाऱ्या हौशी बँडचीही हीच गत होते. ड्रमर ओळीच्या मोहात पडतो, प्रत्येक तिसऱ्या मात्रेवर झांज मारतो, आणि गाण्याचा वॉल्ट्झ, म्हणजे तीन मात्रांचा पाश्चात्त्य नाच, होतो. उपाय एकच: तालमीच्या पहिल्या दिवशी गिटार बाजूला ठेवून नुसता ठेका दहा मिनिटे चालू द्यावा. ड्रमरला कंटाळा आला की गिटार आत घ्यावी. बॉनमच्या ठेक्यात दाखवण्यासारखे जवळजवळ काही नाही, आणि गाणे उभे आहे ते त्याच्यावरच.

गिटारसाठी इथे तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावाव्या लागतात. नेहमीच्या लावणीतून पहिली, दुसरी आणि सहावी तार प्रत्येकी दोन अर्धस्वर खाली आणायची, बाकी तिघींना हात लावायचा नाही. पेजने हीच लावणी 1969च्या पहिल्या अल्बममध्ये 'ब्लॅक माउंटन साइड'साठी वापरली होती. त्या छोट्या वाद्यरचनेत तबला आहे, आणि तो विराम जसानी यांनी वाजवला आहे. याद्यांमध्ये ही रचना कधीच नसते. दोन मिनिटांत संपते आणि कोणी गात नाही, म्हणून असेल.

'ब्लॅक डॉग' बहुतेक याद्यांमध्ये असते, पण त्याच्याबद्दल लिहिले जाते ते प्लांटच्या आवाजाबद्दल. 1971 साली आलेल्या चौथ्या अल्बमचे हे पहिले गाणे. मूळ चाल जोन्सची. प्लांट एक ओळ एकटा गातो, मग सगळी वाद्ये त्याला उत्तर देतात. त्या उत्तराच्या एका वळणावर गिटारची ओळ ठेक्यापासून अर्धी मात्रा सरकते आणि ऐकणाऱ्याच्या पायाखालची जमीन हलते. त्या वळणावर बँड स्वतःही अडखळत होता. बॉनमने तोडगा काढला तो असा: वळण नाहीच असे समजून सरळ चार मोजत राहायचे, गिटार फिरून आपोआप समेवर येते. पुन्हा ऐकताना गिटारकडे दुर्लक्ष करून फक्त स्नेअरवर, म्हणजे कडक आवाजाच्या छोट्या ड्रमवर, कान ठेवला की तो जराही डगमगत नाही, हे लक्षात येते. चांगले हेडफोन असतील तर प्लांटची ओळ संपल्यावर आणि वाद्ये सुरू होण्याआधी काड्यांची बारीक टिकटिकही ऐकू येते. सगळ्यांनी एकत्र सुरू करावे म्हणून बॉनमने दिलेली ती खूण आहे. पुसून टाकली नाही, हे बरेच झाले.

या गाण्यातल्या गिटारच्या आवाजाबद्दल एक गैरसमज आहे. मोठ्या अँप्लिफायरची मूठ पिळली की तो आवाज निघतो, अशी समजूत असते. प्रत्यक्षात अँप्लिफायर वापरलाच नाही. ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सने गिटार थेट मिक्सिंग टेबलात घातली, तिथल्या मायक्रोफोनच्या प्रवर्धकावर ताण देऊन आवाज फाडला, मग एकामागे एक असे दोन 1176 लिमिटर, म्हणजे मोठा आवाज दाबणारी यंत्रे, लावले. एकच ओळ तीनदा वाजवून तीन ट्रॅक घेतले. म्हणून तो आवाज करकरीत आणि कोरडा आहे, खोलीचा वास त्याला नाही. अँप्लिफायर लावून नक्कल करणाऱ्यांचा आवाज मोठा होतो, पण गुबगुबीत राहतो.

त्याच अल्बममधले 'रॉक अँड रोल' समजायला सोपे आणि सुरू करायला कठीण. ड्रमचा पहिला ठोका म्हणजेच सम, असे धरून बसलेले वादक गिटारच्या प्रवेशाला हमखास चुकतात. तो पहिला ठोका तिसऱ्या मात्रेच्या अर्ध्यावर आहे. तोंडाने 'एक, दोन, तीन आणि' म्हणायचे आणि 'आणि'वर काडी पडू द्यायची. पुढे चार आवर्तने मोजली की गिटार बरोबर समेवर येते. बॉनमने ही सुरुवात उचलली ती लिटल रिचर्डच्या 'कीप अ नॉकिन'मधून. पियानोवर रोलिंग स्टोन्सच्या गोटातला इयन स्टुअर्ट आहे.

'फोर स्टिक्स' हे नाव अक्षरशः घ्यायचे. बॉनमने प्रत्येक हातात दोन, अशा चार काड्या घेऊन ते वाजवले. मात्रांचे गट पाच आणि सहाचे आहेत, त्यामुळे डोके डोलवायला गेले की मान अवघडते. लोकप्रिय व्हावे असे हे गाणे नाही, आणि झालेही नाही. पेज आणि प्लांट यांनी 1972 मध्ये मुंबईत भारतीय वादकांना घेऊन 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स' ही दोन गाणी पुन्हा मुद्रित केली होती. ती मुद्रणे 2015 साली 'कोडा' या अल्बमच्या विस्तारित आवृत्तीत अधिकृतपणे बाहेर आली. 'फ्रेंड्स'ची मुंबई आवृत्ती मूळ गाण्याइतकीच भरते. 'फोर स्टिक्स'मध्ये मात्र बॉनमच्या चार काड्यांची उणीव जाणवते.

'द ओशन'ला मी या सगळ्यांत वरचे स्थान देईन, आणि कारण आपल्याच शब्दांत सांगता येते: हे गाणे साडेसात मात्रांचे आहे. 1973च्या 'हाउसेस ऑफ द होली' अल्बमचे ते शेवटचे गाणे. गिटारची ओळ आधी आठ अर्धमात्रांची आणि लगेच सातांची, मिळून पंधरा. म्हणजे दुसऱ्या खेपेला अर्धी मात्रा गिळली जाते आणि ओळ घाईने पहिल्या जागेवर येऊन आदळते. हा विचित्र ताल ऐकताना कोणालाही विचित्र वाटत नाही, त्यावर नाचता येते, ही करामत बॉनमची. ज्याला मोजायचे असेल त्याने दोन-दोनचे गट करावेत: दोन, दोन, दोन, दोन आणि मग दोन, दोन, तीन. शेवटच्या तिनावर ठोका लांबवायचा नाही. तो लांबवला की सातचे आठ होतात आणि गाणे एकदम शाळकरी वाटू लागते. साधारण दीड मिनिटानंतर मागे कुठेतरी टेलिफोनची घंटा वाजते. तुमचा फोन नव्हे, तो रेकॉर्डवरच आहे.

त्याच अल्बममधल्या 'द क्रंज'चा ताल नऊ अर्धमात्रांचा आहे. अमेरिकी फंक गायक जेम्स ब्राउनची थट्टा म्हणून ते मजेदार आहे, पण थट्टा एकदाच हसवते.

आता आवाजाकडे येऊ. 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' हे चौथ्या अल्बमचे शेवटचे गाणे. मूळ गाणे कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी या जोडीचे, 1929 सालचे. विषय 1927चा मिसिसिपीचा महापूर. झेपेलिनने ते हॅम्पशायरमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूत, रोलिंग स्टोन्सचा फिरता स्टुडिओ दाराशी उभा करून मुद्रित केले. ड्रम ठेवले होते खोलीत नव्हे, तर जिन्याच्या तळाशी, उंच छताच्या प्रवेशदालनात. अँडी जॉन्सने बायरडायनॅमिकचे दोन एम-160 मायक्रोफोन वर जिन्यावरून खाली सोडले आणि ड्रमच्या जवळ काहीच लावले नाही. ते दोन आवाज डाव्या-उजव्या बाजूला ठेवून जोरात दाबले, म्हणजे कंप्रेसरमधून काढले, आणि बिन्सन इकोरेक या यंत्राचा प्रतिध्वनी त्यात मिसळला. सुरुवातीच्या ठेक्यात एका ठोक्याची सावली पुढच्या ठोक्याआधी पडते, ती या यंत्राची. शेवटी टेपचा वेग उतरवला. त्यामुळे ड्रम आणखी जड झाले आणि हार्मोनिका माणसाच्या फुफ्फुसाबाहेरची वाटू लागली.

या आवाजाची नक्कल गेली पन्नास वर्षे चालू आहे, आणि फसण्याची कारणे तीच ती आहेत. पहिले, लोक मायक्रोफोन ड्रमला चिकटवतात आणि मग संगणकातून कृत्रिम खोली जोडतात. जवळच्या मायक्रोफोनला खोली ऐकूच आलेली नसते, नंतर जोडलेली खोली वरून चिकटवलेली कळते. दुसरे कारण झांजा. कंप्रेसर मोठा आवाज दाबतो आणि लहान आवाज वर उचलतो. ड्रमर झांजा जोरात मारत असेल तर दाबल्यावर सगळीकडे झांजांचाच फेस येतो आणि ढोल त्याखाली बुडतो. बॉनम ड्रम जोरात आणि झांजा त्या मानाने हलक्या मारायचा. त्याचा तोल हातातच होता, म्हणून दोन मायक्रोफोन पुरले. तिसरे कारण ड्रमची लावणी. त्याचा पायाने वाजवायचा बेस ड्रम 26 इंचांचा, आणि कातडी बरीच ताणलेली, आत उशा कोंबलेल्या नाहीत. सैल, कोंबलेला ड्रम जवळून भरदार वाटतो, पण वीस पावलांवर त्याचा नुसता धप्प आवाज उरतो. ताणलेला ड्रम जवळून कर्कश वाटेल, दूरच्या मायक्रोफोनला मात्र त्यातला सूर पोहोचतो. चौथे कारण घाई. इतका संथ ठेका टिकवणे अवघड जाते, आणि तिसऱ्या मिनिटाला तो दोन पावले पुढे गेलेला असतो.

हिप-हॉपवाल्यांनी हे फार लवकर ओळखले. बीस्टी बॉइजनी 1986च्या आपल्या पहिल्या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात हा ठेका जसाच्या तसा उचलला. नक्कल करण्याचा तो एकमेव खात्रीचा मार्ग म्हणता येईल.

बॉनमच्या पायाची ओळख करून घ्यायची असेल तर पहिल्या अल्बमचे पहिले गाणे, 'गुड टाइम्स बॅड टाइम्स'. जेमतेम पावणेतीन मिनिटांचे. बेस ड्रमवर येणाऱ्या जलद जोड्या ऐकून अनेकांनी त्याच्याकडे दोन बेस ड्रम असावेत असे ठरवून टाकले. होता एकच ड्रम, एकच पेडल, आणि उजवा पाय. युक्ती अशी: जलद त्रिकुटातला पहिला ठोका पायाने घ्यायचा नाही, तो हातावर सोडायचा, दुसरा आणि तिसरा पायावर. शिकणाऱ्याने आधी मांडीवर हात-पाय-पाय असे संथ मोजावे, मिनिटाला साठच्या लयीत, आणि दोन्ही पायठोके सारख्या जोराचे होईपर्यंत लय वाढवू नये. दुसरा ठोका हमखास पडेल निघतो. दुहेरी पेडलने ते काम सोपे होते, पण दोन पायांतून निघालेले ठोके फार गुळगुळीत येतात. मूळ मुद्रणात दुसरा ठोका पहिल्यावरून घसरत आल्यासारखा आहे, आणि मजा त्या घसरण्यात आहे.

हाच पाय 1970च्या तिसऱ्या अल्बममधल्या 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू'मध्ये सापडतो, तोही करकरताना. बॉनमच्या स्पीड किंग पेडलला तेल नव्हते. सी मायनरमधल्या त्या संथ ब्लूजभर पेडलची कुरकुर स्पष्ट ऐकू येते, नव्या आवृत्त्यांमध्ये तर अधिकच. एकदा लक्षात आली की विसरता येत नाही, हा धोका पत्करूनच हे वाचावे. या गाण्यात बेस गिटार नाही. जोन्स हॅमंड ऑर्गन वाजवतो आणि खालचे स्वर पायांनी ऑर्गनच्याच पेडलवर देतो. म्हणजे ड्रमरचा पाय आणि ऑर्गनवाल्याचा पाय, अशी ही जुगलबंदी. पेजचा यातला तुकडा त्याचा सर्वोत्तम मानतात. मला वाटते त्याला खालून मिळणारी जागा हे त्यामागचे निम्मे कारण आहे.

'फूल इन द रेन' 1979च्या 'इन थ्रू द आउट डोअर'मधले. बँडचा शेवटचा पूर्ण अल्बम, स्टॉकहोममध्ये 'आबा' या स्वीडिश बँडच्या पोलर स्टुडिओत मुद्रित झालेला. झेपेलिनचे जुने चाहते या अल्बमला नाक मुरडतात, पण ड्रम शिकणारा प्रत्येकजण कधी ना कधी या गाण्याशी झुंजतो. ठेका झोके घेणारा, म्हणजे प्रत्येक मात्रेत तीन भाग आणि मधला भाग गिळलेला. मोठा स्नेअर फक्त तिसऱ्या मात्रेवर. मधल्या रिकाम्या जागांत स्नेअरवर अगदी हलके, जवळजवळ न ऐकू येणारे ठोके. ते ऐकू आले तर चुकले. हलक्या ठोक्यांसाठी काडी कातड्यापासून दोन-तीन बोटांपेक्षा वर उचलायची नाही, मोठ्यासाठी मनगट पूर्ण वर. उंचीतला हा फरक ठेवला नाही तर सगळेच ठोके सारखे होतात आणि ठेका शिवणयंत्रासारखा चालतो. मध्येच शिट्टी वाजून सांबा सुरू होतो आणि पुन्हा मूळ झोका परततो. परतताना लय वाढलेली राहते, ही नेहमीची चूक.

लांब गाण्यांपैकी 'अकिलीज लास्ट स्टँड' घ्यावे. 1976च्या 'प्रेझेन्स'मधले, सव्वादहा मिनिटांहून मोठे. अपघातानंतर प्लांट चाकाच्या खुर्चीत होता, आणि म्युनिकच्या म्युझिकलँड स्टुडिओत अख्खा अल्बम 18 दिवसांत झाला. त्यात कुठेही कीबोर्ड नाही. जोन्सने या गाण्यात आठ तारांची बेस गिटार वापरली, म्हणून खालचा दौडता आवाज एका घोड्याचा नाही, दोन घोड्यांचा वाटतो. पेजने वरच्या सगळ्या गिटारी एका रात्रीत चढवल्या. दहा मिनिटे ती दौड न दमता टिकवणे हे बॉनमचे काम. पेजच्या एका रात्रीबद्दल सगळे लिहितात, दौडीबद्दल कोणी लिहीत नाही.

गिटारप्रेमींवर अन्याय नको म्हणून 'द रेन साँग' आणि 'टेन इयर्स गॉन'. पहिल्यासाठी तारा डी-जी-सी-जी-सी-डी. सहावी, पाचवी, चौथी आणि पहिली प्रत्येकी दोन अर्धस्वर खाली, तिसरी आहे तशी, दुसरी एक अर्धस्वर वर. क्रम महत्त्वाचा. आधी खाली उतरवायच्या तारा उतरवाव्यात, दुसरी शेवटी चढवावी. उलट केले तर बाकी तारा सैल होताना मानेवरचा ताण बदलतो आणि दुसरी तार चढीच राहते. एक फेरी झाल्यावर सगळ्या पुन्हा तपासाव्यात, कारण पहिल्या फेरीत एकही जागेवर राहत नाही. 'फ्रेंड्स'ची लावणी, सी-ए-सी-जी-सी-ई, आणखी अवघड: सहावी तार चार अर्धस्वर खाली जाते आणि बारीक तारांचा संच असेल तर पट्ट्यांवर खडखडते. तिथे एक क्रमांक जाड तार घालावी किंवा हात हलका ठेवावा. 'टेन इयर्स गॉन'ला नेहमीची लावणी चालते, पण एका गिटारीवर ते भागत नाही. पेजने त्यात डझनभराहून अधिक गिटारी एकमेकींवर रचल्या आहेत. एकट्याने वाजवताना त्यातली कोणती ओळ सोडायची हे ठरवण्यातच अर्धी संध्याकाळ जाते.

आणि 'स्टेअरवे'? ते यादीत हवेच, पण वेगळ्या कारणासाठी. आठ मिनिटे दोन सेकंदांच्या गाण्यात ड्रम चार मिनिटे उलटून गेल्यावर येतात. तोवर साथीला मुख्यतः गिटार आणि जोन्सच्या बासऱ्या, म्हणजे रेकॉर्डर. बॉनम येतो तेव्हा गाण्याला वजन येते आणि लय हळूहळू चढू लागते. ही चढण मुद्दाम ठेवलेली आहे. मेट्रोनोम लावून वाजवणाऱ्यांचे 'स्टेअरवे' म्हणूनच लिफ्टसारखे वाटते, मजला बदलतो पण पायऱ्या लागत नाहीत. दोन मानांची गिटार पेज मैफलीत वापरायचा. स्टुडिओत शेवटचा तुकडा त्याने गिटारवादक जेफ बेकने दिलेल्या जुन्या टेलिकास्टर गिटारवर वाजवला. सुरुवातीचे स्वर 'स्पिरिट' या बँडच्या 'टॉरस'वरून उचलले, या आरोपावरून झालेला खटला 2016 मध्ये ज्युरीने झेपेलिनच्या बाजूने निकालात काढला, 2020 मध्ये अपील न्यायालयाने तो कायम केला.

उचलेगिरीचा विषय निघालाच आहे, तर तिथे चाहत्यांनी डोळेझाक करू नये. 'होल लॉटा लव्ह'च्या शब्दांवर ब्लूज गीतकार विली डिक्सनचा हक्क होता. 1985 मध्ये दावा झाला, तडजोडीनंतर त्याचे नाव आले. 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड' मूळ जेक होम्सचे, 1967चे. 'द लेमन साँग'मध्ये हाउलिन वुल्फचे 'किलिंग फ्लोअर' आहे. 'बेब आय अॅम गॉना लीव्ह यू' अॅन ब्रेडनचे. आपल्या वृत्तपत्रात यादी छापताना गाण्यासमोर ही नावे छापावीत, ही विनंती. चार शब्दांची जागा लागते.

'होल लॉटा लव्ह'चा उल्लेख झाला म्हणून ऐकण्याबद्दल थोडे. त्याच्या मधल्या भागात थेरेमिन या हात न लावता वाजवायच्या विजेच्या वाद्याचा आवाज डावीकडून उजवीकडे फिरतो. मोबाइलच्या एकाच स्पीकरवर तो कुठेच फिरत नाही आणि तो भाग निरर्थक गोंगाट वाटतो. दोन स्पीकर किंवा हेडफोन हवेतच. शेवटाकडे वाद्ये थांबतात आणि प्लांट गायच्या आधी त्याचाच आवाज दुरून ऐकू येतो. तो न वापरलेल्या गायनाचा झिरपलेला आवाज होता. पुसला जाईना, म्हणून पेज आणि ध्वनिमुद्रक एडी क्रेमर यांनी त्यावर प्रतिध्वनी चढवून दोष लपवण्याऐवजी मिरवला. हे गाणे असलेला दुसरा अल्बम तबकडीवर शोधणाऱ्यांनी मधल्या कोऱ्या पट्टीवर 'आरएल' ही कोरलेली अक्षरे पाहावीत. बॉब लुडविगने पहिली अमेरिकी तबकडी इतकी जोरात कापली होती की स्वस्त रेकॉर्ड प्लेयरची सुई खाचेतून उडायची. खालचे स्वर जितके मोठे, तितकी खाच आडवी डोलते, आणि हलकी भुजा ते डोलणे सांभाळू शकत नाही. कंपनीने घाबरून नरम आवाजाची नवी तबकडी कापून घेतली. जोरकस प्रती दुर्मीळ आहेत, पण त्यासाठी सुई आणि भुजाही तशीच हवी.

गाणी उलटसुलट क्रमाने वाजवणारी सोय बंद ठेवावी. 'हार्टब्रेकर' तुटक थांबते आणि लगेच पुढचे 'लिव्हिंग लव्हिंग मेड' सुरू होते, ती उडी मधे दुसरे गाणे घुसले की वाया जाते. 2014-15 मध्ये पेजच्या देखरेखीखाली निघालेल्या आवृत्त्या चांगल्या आहेत. प्रत्यक्ष मैफलीतला बॉनम ऐकायचा तर 1972 सालच्या कॅलिफोर्नियातल्या कार्यक्रमांचा 'हाउ द वेस्ट वॉज वन' घ्यावा, 1976चा चित्रपटाचा अल्बम नंतर.

वगळलेल्यांत 'मोबी डिक' पाहून काहीजण रागावतील, कारण ते तर ड्रमचेच गाणे. म्हणूनच वगळले. एकटा बॉनम वाजवतो तेव्हा त्याला सोडून जायला समोर कोणी नसते, आणि समेवर परत यायलाही नसते. त्या जागी 'इन माय टाइम ऑफ डाइंग' ठेवावे: अकरा मिनिटे, बँडचे स्टुडिओतले सर्वांत लांब गाणे. पेजची स्लाइड गिटार थांबते, सुरू होते, पुन्हा थांबते आणि दर वेळी बॉनम कुठून आत येईल याचा अंदाज चुकतो. शेवटी कोणाला तरी खोकला येतो, आणि मागून बॉनमचा आवाज विचारतो की हाच टेक ठेवायचा ना.

आपला,
एक नियमित वाचक